विचारत विचारत शिंजुकू

गाडीने घाटकोपर सोडलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, "अगं, मुलीला तारीख नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली दिलीय."

मी गवार निवडत होते. शेंग हातात तशीच राहिली. टोकियोची तिकिटं आम्ही दोघींनी एप्रिलमध्ये काढली होती. स्वस्तातली, म्हणजे रद्द केली तर हाती काहीच न येणारी. आजी होणाऱ्या बाईला काय बोलणार? अभिनंदन म्हटलं आणि दादर येईपर्यंत मनातल्या मनात पैसे मोजत बसले.

ठाण्याहून सकाळच्या फास्टला आमची सहा जणींची गँग आहे. बावीस वर्षं मी याच डब्यातून फोर्टात नोकरीला जाते. नवरात्रातले रंग, हळदीकुंकू, सुनांच्या तक्रारी, सगळं याच डब्यात होतं. दुसऱ्या दिवशी माझा विषय निघाला. एक म्हणाली, तूही रद्द कर. दुसरी म्हणाली, नवऱ्याला ने. चौथ्या सीटवर अर्धी लटकत बसलेली तिसरी म्हणाली, "एकटी जा की. बावीस वर्षं ठाण्याला चढतेयस, टोकियोत काय वेगळं असणारे?"

तेव्हा मला हे फार पटलं होतं. गर्दीची मला भीती नव्हती, नकाशाचीही नव्हती. खरी भीती कशाची हे तिथे जाईपर्यंत कळलंच नाही.

नवऱ्याला विमानाची नाही, रांगेची ॲलर्जी आहे. तो म्हणाला, "तू जा. मी कुकर लावीन." बंगळुरूच्या मुलाने फोनवर आधी, "आई, खरंच?" असं विचारलं आणि मग तासाभराने सतरा लिंका पाठवल्या. त्याआधी मी परदेशात एकदाच गेले होते, सिंगापूरला, टूरबरोबर. सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस, पुढे झेंडा घेतलेला माणूस आणि मागे आम्ही चाळीस जण. त्याला प्रवास म्हणायचं की सहल, हे ज्याने त्याने ठरवावं.

तर मी तालीम सुरू केली. हसू नका. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत मी हॉटेलात एकटी बसून कधी जेवले नव्हते. ऑफिसात डबा असतो आणि बाहेर जेवायचं तर कुणीतरी बरोबर असतंच. म्हणून एका शनिवारी एकटीच मामलेदारला मिसळ खायला गेले. समोरच्या बाकावर एक कुटुंब बसलं होतं. त्यातली लहान मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती आणि मी मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखी बघत होते. तिखट रश्श्याने डोळ्यांत पाणी आलं तेव्हा, या आजी रडतायत का, असं तिने आईला विचारलंसुद्धा. दुसऱ्या तालमीत तलावपाळीच्या कठड्यावर अर्धा तास मोबाइल न काढता नुसती बसले. हे मिसळीपेक्षा अवघड गेलं. ओळखीचे तीन जण भेटले आणि तिघांनीही विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

व्हिसाची गोष्ट थोडक्यात सांगते. अर्ज केंद्रावर द्यायचा. बँकेचं स्टेटमेंट आणि आयकराची कागदपत्रं जोडायची. आणि एका तक्त्यात रोज कुठे जाणार, कुठे राहणार ते तारीखवार लिहायचं. मी तो तक्ता इतका मन लावून भरला की ऑफिसातलं वार्षिक अंदाजपत्रक कधी तसं भरलं नव्हतं. नंतर कळलं की तो दाखवण्यापुरता असतो, त्याप्रमाणे फिरलात की नाही हे कुणी तपासत नाही. व्हिसा आला तोही ई-व्हिसा, पासपोर्टवर काही चिकटत नाही.

इथे एक सांगून ठेवते, कारण मी फसले. मी त्या व्हिसाच्या रंगीत प्रती काढल्या होत्या. दोन पर्समध्ये, एक बॅगेत, एक नवऱ्याकडे. विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, प्रिंट नाही चालत. साइटवर लॉगिन करून थेट दाखवा." स्क्रीनशॉटही चालत नाही, इंटरनेट सुरू ठेवून त्याच वेळी पान उघडावं लागतं. मागे रांग, हातात चष्मा, आणि पासवर्ड कुठे लिहिलेला? घरी, फ्रिजवर लावलेल्या कागदावर. नवऱ्याला फोन करून तो वाचून घेतला. त्यातलं मोठं एस की छोटं एस यावरून आमचं जे काही झालं ते रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं.

तारीख होती २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतदानाचा दिवस. सकाळी पाचपाखाडीत मत देऊन संध्याकाळी विमानात बसले. डाव्या तर्जनीच्या नखावर शाई ताजी होती. त्या शाईने पुढचे आठ दिवस माझ्याबरोबर फार प्रवास केला.

पहिला प्रश्न नारिता विमानतळावरच आला. तिथे इमिग्रेशनला दोन्ही हातांच्या तर्जनींचे ठसे घेतात. अधिकाऱ्याने माझं काळंजांभळं नख बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "इलेक्शन." त्याला कळलं की नाही कोण जाणे, पण त्याने अगदी गंभीरपणे मान लववली आणि पासपोर्टवर प्रवेशाचा स्टिकर लावला.

नारिता म्हणजे टोकियो नव्हे, हे मला नकाशावर माहीत होतं. अंगावर आलं ते तिथे. विमानतळ शहरापासून साठ किलोमीटरच्या पुढे. पाऊण तासात उएनोला पोचवणारी झकास गाडी आहे, पण मी ठाणेकर. निम्म्याहून कमी पैशांत सव्वा तासात पोचवणारी साधी गाडी पकडली. हजारेक येन, म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये. त्याआधी वेलकम सुइका नावाचं पर्यटकांचं कार्ड घेतलं. पैसे भरायचे, फाटकाला टेकवायचं, चालायला लागायचं. मुदत २८ दिवस आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून भरताना बेताने भरा.

हॉटेलची खोली इतकी छोटी की बॅग उघडायची तर बाथरूमचं दार बंद ठेवावं लागे. साडेचार वाजले आणि खिडकीबाहेर अंधार! नोव्हेंबरच्या शेवटी तिथे सूर्य साडेचारलाच मावळतो. आमच्या तक्त्यात, सॉरी, माझ्या तक्त्यात संध्याकाळी सहापर्यंत बागा होत्या. पलंगावर बसून शंकरपाळे खाल्ले. घरी फोन केला तर तिथे एक वाजून गेलेला, नवरा जेवत होता. "काय केलंस?" म्हणे. मी म्हटलं, "पोचले." पुढे सांगण्यासारखं काही नव्हतं आणि तेव्हा जी कळ आली ती घरची आठवण नव्हती. आता काय करायचं, हे विचारायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं, त्याची ती कळ होती.

बावीस वर्षांत मला स्वतःहून काय करायचं असा प्रश्न फारसा पडलेला नाही. गाडीची वेळ ठरलेली, ऑफिसची ठरलेली, संध्याकाळी भाजी कुठली एवढंच विचारायचं आणि तेही नवरा, "कुठलीही कर," म्हणणार. टोकियोत सकाळी उठल्यापासून प्रत्येक गोष्ट मीच ठरवायची. डावीकडे की उजवीकडे. इथे खायचं की पुढे. आवडलं नाही तर निघायचं की पैसे दिलेत म्हणून बघायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी बारालाच मी दमले होते आणि पाय तर अजून दुखायलाही लागले नव्हते.

खाण्याचं सांगते, कारण ते सगळे आधी विचारतात. मी अंडं खाते, मासा नाही. तिथे मासा दिसत नाही तिथेही असतो. सुक्या माशाच्या कातळीपासून काढलेलं दाशी नावाचं पाणी जवळजवळ सगळ्या रश्श्यांचा पाया असतं. भाजीचं सूप म्हणून मागवावं, तर त्यातही तेच. मी तीन वाक्यं पाठ केली होती: निकु दामे, साकाना दामे, दाशी दामे. मांस नको, मासा नको, दाशी नको. तिसरं ऐकलं की दुकानदाराचा चेहरा पडायचा, आपल्याकडे कुणी फोडणीशिवाय आमटी मागावी तसा.

पण पोट भरतं. कोनबिनी म्हणजे चोवीस तास उघडी असणारी छोटी दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. तिथे ओनिगिरी मिळते, भाताचा त्रिकोणी मुटका. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे छापलेले असतात. १ धरून मधली पट्टी वरून खाली ओढायची, मग २ आणि ३ अशी दोन टोकं बाजूला खेचायची. समुद्रशेवाळाचा काळा कागद भाताला न चिकटता कुरकुरीत राहावा म्हणून ही सगळी युक्ती. मी पहिल्यांदा ३ आधी ओढला. अर्धं शेवाळ प्लॅस्टिकमध्ये राहिलं आणि भात मांडीवर. आतमध्ये खारवलेलं आंबट आलुबुखार असतं, जुन्या लिंबाच्या लोणच्याच्या जवळ जाणारं. पुढचे सात दिवस माझा नाश्ता तोच. आणि हो, कागद टाकायला रस्त्यावर डबा शोधू नका. १९९५ मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक कचऱ्याचे डबे खूप कमी केले. माझ्या पर्समध्ये संध्याकाळपर्यंत एका वर्गाची सहल जेवून गेल्यासारखा कचरा साठायचा.

हॉटेलात शिरलं की पहिला प्रश्न असतो, किती जण? उत्तर बोटाने द्यायचं. पहिल्या रात्री मी डाव्या हाताचं बोट वर केलं, तेच शाईचं. "एक" असं जगासमोर कबूल करताना मामलेदारच्या बाकावरची ती मुलगी आठवली. पण इथे कुणी बघितलंही नाही. एका लांब फळीपुढे स्टुलं मांडलेली, प्रत्येकावर एकेक माणूस, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे किंवा आचाऱ्याकडे. एकट्यानेच जेवायचं, अशीच ती जागा बांधलेली. शेजारचा सुटातला माणूस नूडल्स सुर्र करून ओढत होता. मी अंडाभात खाल्ला. मोबाइल काढला नाही. तालीम वाया गेली नाही म्हणायची.

आता शिंजुकू.

शनिवार, २३ नोव्हेंबर. तिथे सार्वजनिक सुट्टी आणि आपल्याकडे मतमोजणी. आठ वाजता मोजणी सुरू झाली तेव्हा टोकियोत साडेअकरा. मी दिवसभर फोनवर आकडे बघत हिंडत होते. बागेत आकडे, गाडीत आकडे. आमच्या ट्रेनच्या ग्रुपवर तर धुमश्चक्री चालली होती, त्यात मीही तेल ओतत होते. परदेशात एकटीने हिंडायचं आणि लक्ष ठाण्याच्या वॉर्डात! बेत असा होता की शिंजुकूला उतरायचं, पश्चिमेच्या दाराने दहा मिनिटं चालायचं आणि महानगर सरकारच्या इमारतीच्या पंचेचाळिसाव्या मजल्यावरून सूर्यास्त बघायचा. वर जायला पैसे पडत नाहीत, म्हणून तक्त्यात त्याच्यापुढे मी चांदणी काढली होती.

शिंजुकू हे जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन म्हणून गिनेस बुकात आहे. मला वाटलं, असेल, आमचं काय कमी आहे? ठाण्याच्या पाच नंबरवर ज्याने संध्याकाळ काढलीय त्याला गर्दी शिकवू नये. त्याच वर्षी ६३ तासांचा ब्लॉक घेऊन तो फलाट रुंद केला, तोवर आम्ही तिथे एका पायावर उभं राहून बावीस वर्षं काढली होती. पण ठाण्याला बाहेर पडायच्या वाटा किती? पूर्व, पश्चिम, सॅटिसचा पूल. शिंजुकूला दोनशेहून जास्त. गर्दी मला कळते. दारं नाही कळत.

गाडीत मी सवयीने सगळं चुकीचं केलं. एक स्टेशन आधीच दाराकडे सरकायला लागले आणि पुढच्या बाईच्या खांद्यापाशी तोंड नेऊन चक्क मराठीत विचारलं, "उतरणार का?" ती दचकून बाजूला झाली. तिला उतरायचं नव्हतं. दार उघडलं तशी ती स्वतः फलाटावर उतरली, कडेला उभी राहिली, आम्हाला सगळ्यांना उतरू दिलं आणि मग परत आत चढली. दाराजवळचे सगळेच तसं करत होते. मी फलाटावर उभी राहून हे दोन गाड्यांना बघितलं. तिथे फोनवर चार टक्के होते.

बाहेर पडले ते पूर्वेला. समोर रोषणाईचा डोंगर, अंधार पडलेला, आणि फोन बंद. पॉवर बँक हॉटेलवर, चार्जिंगला लावलेली. हॉटेलचं कार्डही हॉटेलवरच, टेबलावर, विसरू नये म्हणून समोर ठेवलेलं.

एक मिनिट पोटात खड्डा पडला, खोटं कशाला बोलू. मग मी तेच केलं जे कुठलीही ठाणेकर बाई करते. समोरून येणाऱ्या, वयाने माझ्याएवढ्या बाईला गाठलं. "वेस्ट? वेस्ट?" तिला इंग्रजी येत नव्हतं. ती सुटली असती तर मी समजू शकले असते. पण तिने हातातल्या पिशव्या एका हातात घेतल्या, या या अशी खूण केली आणि उलट दिशेने माझ्याबरोबर चालायला लागली, स्टेशनच्या पूर्व दाराशी असलेल्या पोलिस चौकीपर्यंत. अशा चौकीला कोबान म्हणतात. पोलिसाला तिने काहीतरी सांगितलं, मला मान लववली आणि गेली. मी धन्यवाद म्हणाले तेही मराठीत.

चौकीतल्या पोरसवदा पोलिसाने काउंटरवर कागदी नकाशा पसरला. "हॉटेल?" मी म्हटलं, "उएनो. इरिया." आमचं हॉटेल उएनो स्टेशनच्या इरिया दाराजवळ होतं एवढं मला पक्कं आठवत होतं. त्याने एका चिठ्ठीवर बॉलपेनने चौकोनी अक्षरांत ते लिहून दिलं. आता हॉटेलला जायला हरकत नव्हती. पण मी नकाशावर त्या इमारतीवर बोट ठेवलं, तेच शाईचं, आणि म्हटलं, "फर्स्ट, हिअर." तो हसला. २०२० पासून स्टेशनच्या पोटातून पूर्व-पश्चिम आरपार जायचा रस्ता झालाय, तो त्याने पेनाने रेघ मारून दाखवला.

चौघांना चिठ्ठी आणि नकाशा दाखवत पोचले. सूर्यास्त केव्हाच गेला होता. फुजीही दिसला नाही, अंधारात कसा दिसणार? खाली दिवे, दिवे आणि त्यापलीकडे दिवे. फोटो काढायला फोन नव्हता. निकालाचे आकडे बघायलाही नव्हता. काचेला नाक लावून मी तिथे किती वेळ उभी होते ते घड्याळ नसल्याने सांगता येत नाही, पण गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत नक्की. तिथे मला पहिल्यांदा कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

परतताना चिठ्ठी दाखवत हिरव्या पट्ट्याच्या यामानोते गाडीत बसले आणि उएनोला इरिया दारातून अशी बाहेर पडले, जशी सॅटिसवरून उतरते.

रविवारी निशिकासाईला गेले. एदोगावा भागातलं हे भारतीयांचं मोहल्ल्यासारखं ठाणं. आपल्या अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावाच्या परिषदेवर निवडून आले. जपानात निवडणूक जिंकलेले ते पहिले भारतीय वंशाचे. किराणा दुकानात पोह्यांचं पाकीट उचलताना मागून, "अहो, तो जाडा घ्या, पातळ नको," असं बायकोने नवऱ्याला सांगितलेलं ऐकलं आणि उगाच दोन मिनिटं त्याच रॅकपाशी रेंगाळले. बोलले मात्र नाही. का, ते माहीत नाही.

सोमवारी मला एक खास काम होतं. जपानची पहिली रेल्वे १४ ऑक्टोबर १८७२ ला शिंबाशी ते योकोहामा सुरू झाली. त्या जुन्या शिंबाशी स्टेशनची इमारत शिओदोमेच्या काचेच्या मनोऱ्यांमध्ये पुन्हा उभारलीय. आणि आपली? १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे. म्हणजे ठाण्याला गाडी आली तेव्हा टोकियोला रेल्वे यायला अजून एकोणीस वर्षं होती. हे मला तिथल्या कुणाला तरी तोंडावर सांगायचं होतं. गेले तर सोमवार म्हणून आतलं प्रदर्शन बंद! मागच्या बाजूला जिथून रूळ मोजायला सुरुवात झाली तो शून्याचा खुंटा आणि थोडेसे रूळ मात्र उघड्यावर आहेत. खुंट्याशेजारी शाईचं बोट दाखवत फोटो काढला आणि गँगला पाठवला: "आपण १९ वर्षं आधी." चौथ्या सीटवालीचं उत्तर लगेच आलं, "मग आपली अजून लेट का?"

मंगळवारी पायांनी संप केला. टाचेला फोड, गुडघ्याला कळ. तक्त्यात दोन मंदिरं आणि एक संग्रहालय होतं. सकाळी पलंगावर बसून बघितलं आणि ठरवलं, नाही जायचं. कुठेच नाही. विचारायला कुणी नव्हतं आणि या वेळी ते बरंच वाटलं. स्टेशनवर गेले आणि यामानोतेत बसले.

ही गाडी शहराभोवती गोल फिरते. तीस स्टेशनं, एक फेरी तासाभराची. उएनोहून उलटी बाजू धरून सगळी फेरी मारायची आणि शेजारच्या ओकाचिमाचीला उतरायचं. वाटेत फाटकाबाहेर पडलं नाही आणि तेच स्टेशन दोनदा घेतलं नाही तर भाडं जवळच्या अंतराचंच पडतं, दीडशे येनच्या आसपास. सकाळची गर्दी ओसरलेली. खिडकीला पाठ करून लांब बाक, सीटखालून पायांना ऊब. लोकलमध्ये मला अशी जागा मिळायची तर डाऊन करून, म्हणजे आधी उलट दिशेने जाऊन त्याच गाडीने परत यावं लागतं, आणि तरी कुणीतरी, "जरा सरका," म्हणणारच. इथे चौथी सीट नव्हती. प्रत्येक स्टेशनला दार बंद होण्याआधी वेगळी धून वाजायची. डोळे मिटून नुसत्या धुना ऐकल्या.

सुगामोला आज्यांचा घोळका चढला. तिथे आज्यांसाठीचा प्रसिद्ध बाजार आहे. एक माझ्या शेजारी बसली, मांडीवर पिशवी, पिशवीतून कांद्याच्या पातीसारखं काहीतरी डोकावणारं. माझ्या आतल्या गवार निवडणाऱ्या बाईला ती लगेच आपली वाटली. थोड्या वेळाने बघते तर आजी माझ्या बोटाकडे बघतेय. शाई आता काळपट तपकिरी झालेली, नखाच्या कडेची कातडी सुकलेली. तिने "आ, आ" असं हळहळून म्हटलं, पर्समध्ये बराच वेळ शोधलं आणि एक चिकटपट्टी काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. तिला वाटलं, बोट चेमटलंय. इलेक्शन म्हटलं तर कळेना. फोन काढून भाषांतर करता आलं असतं. पण मी पट्टी घेतली आणि तिच्यासमोर बोटाला लावली. तिने समाधानाने मान हलवली. शिंजुकूला ती उतरली. म्हणजे आज्यांनाही तिथली दारं कळतात.

पुढे शिबुया, शिनागावा. डुलकी येऊ नये म्हणून फोनवर या गाडीचं वाचत बसले. पूर्ण फेरी ३४.५ किलोमीटर. आकडा ओळखीचा वाटला. बोरीबंदर ते ठाणे, तीच १८५३ ची पहिली धाव, ३४ किलोमीटर. म्हणजे मी बावीस वर्षं रोज जेवढी जाते तेवढीच ही गाडी गोल फिरते. तेही तासाभरातच. फरक इतकाच की ही कुठेच पोचत नाही आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. ओकाचिमाची आलं. उतरायचं होतं. उतरले नसते तर पुढे उएनो, भाड्याचा घोळ झाला असता. उतरले, फलाटावर मशीनमधून गरम चहाचा डबा घेतला आणि दोन्ही हातांत धरून बाकावर बसले. तीन गाड्या गेल्या.

बाकीचं सांगत बसत नाही. आसाकुसाच्या देवळात शंभर येन टाकून भविष्य काढलं, वाईट निघालं; वाईट निघालेला कागद तिथल्याच तारेला बांधून मोकळं व्हायचं असतं, तो बांधला आणि एकटीच मोठ्याने हसले. विमान, हॉटेल, खाणंपिणं सगळं मिळून पावणेदोन लाखांच्या आत बसलं. सुइकात शेवटी ८३ येन उरले. चुकलेले रस्ते मोजले नाहीत.

मैत्रिणीला नात झाली, २६ तारखेला, मी त्या गोल गाडीत होते त्याच दिवशी. बारशाला गेले तेव्हा माझ्या नखावरची शाई मुळापासून थोडी वर सरकली होती. बाळाला माझ्या मांडीवर देत मैत्रीण म्हणाली, "आता मार्चमध्ये जाऊ या दोघी. चेरी फुलतात म्हणे. तुला सगळं माहितीये, तू ठरव, मी फक्त बरोबर येते."

मी अजून हो म्हटलेलं नाही.